शाळेचं स्फूर्तिगीत लिहिताय? आधी मात्रा मोजा

तालुक्याच्या कबड्डी-खोखोच्या स्पर्धा आल्या की गावात जो कोण कविता-बिविता करतो त्याला शाळेतून निरोप येतो, उद्यापर्यंत एक जोशात म्हणता येईल असं गाणं द्या. मला गेली कित्येक वर्षं येतोय, आणि मी वाईट गाणी लिहून लिहूनच शिकलोय, तर ऐका.

पहिलं म्हणजे शाळेचं पूर्ण नाव गाण्यात कोंबू नका. 'माध्यमिक विद्यालय व कनिष्ठ महाविद्यालय' एवढ्यालाच 25 मात्रा लागतात (ऱ्हस्वाची एक, दीर्घाची किंवा जोडाक्षराआधीच्या अक्षराची दोन), पादाकुलक वृत्ताची अख्खी ओळ 16 ची, आणि देणगीदाराच्या आईचं नाव तर अजून यायचंच आहे! मग पोरं ते नाव एका दमात उरकतात, निवेदन चाललंय असं वाटतं.

खेळाचं नाव मात्र तोलून घ्या. खो-खो म्हणजे सरळ 4 मात्रा, ढोलावर आठ मात्रांचा केरवा ताल वाजतो त्यात फिट्ट बसतं. 'खो दे, खो दे, खांब गाठ रे' बघा मोजून, बरोबर 16. कबड्डी बेटी 5 मात्रांची, म्हणजे दोनदा म्हटलं की दहा मात्रांचा झपताल, आणि झपताल वाजवणारं पोर आमच्या ढोलपथकात नाही. म्हणून पुढे तीन मात्रांचं काहीतरी जोडा, 'चला कबड्डी', झाल्या आठ.

यमकांत शान-मान-महान-जान हे चौघे भाऊ दिसले की पेन खाली ठेवा. सिंहाचे छावेपण नकोत, आमच्याकडे रात्री कुत्रं उचलायला येतो तो बिबट्या, सिंह कोणी पाहिलाय? तुतारी म्हणाल तर ती मालगुंडच्या केशवसुतांनी फुंकून झालीय, तुमची पिपाणीच वाटणार.

लांबी. कबड्डीत एक चढाई 30 सेकंदांची, राष्ट्रगीत 52 सेकंदांत होतं, मग तुमच्या गाण्याला सहा कडवी कशाला? पण शेवटच्या कडव्यात अध्यक्षांचे आभार मानायचेच असतात ना. (ते कडवं कापलंत तर पुढच्या वर्षी निरोप येणार नाही, हा एक फायदाच.)

आणि उपमा शेवटपर्यंत तपासा. मी एकदा लिहिलं, 'आम्ही दर्याच्या लाटा, किनाऱ्यावर आपटू मोठ्या थाटा'. थाटा हा शब्द मीच पाडलेला, माफ करा. मैदान खाडीला लागून, वारा सुटलेला, पोरांनी काय जोरात म्हटलं! मी बाजूला छाती फुगवून उभा. मग पहिल्या पाच मिनिटांत आमचे तिघे बाद झाले आणि समोरच्या शाळेची पोरं ओरडायला लागली, "सुकती इली रे, सुकती!" ओहोटीला आमच्याकडे सुकतीच म्हणतात. हाफटाइमपर्यंत त्यांनी त्याला चालपण लावली होती, आणि खरं सांगू, ती माझ्या गाण्यापेक्षा तालात होती.