कम्युनिटी कॉलेजातून इलेक्ट्रिकलला जायचंय? आधी सर्किट्स बघा

कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षं करून यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) किंवा कॅल स्टेटच्या (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगला थेट तिसऱ्या वर्षात जायचं असेल, तर पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट शोधून काढा: आपल्या कॉलेजात सर्किट्सचा कोर्स कधी लागतो. कॅल्क्युलस दर सत्राला असतं, इंग्रजी उन्हाळ्यातही मिळतं. सर्किट्स बऱ्याच कॉलेजांत वर्षातून एकदाच लागतो, काही ठिकाणी लागतच नाही, आणि लागला तरी मुलं कमी आली की रद्द होतो. माझा हाच राहिला होता. प्रवेश मिळाला, पण तिकडे जाऊन आधी तोच करावा लागला आणि त्याच्यावर उभे असलेले सिग्नल्स, इलेक्ट्रॉनिक्स सगळे मागे ढकलले गेले. तिसऱ्या वर्षाचे हे कोर्सही अनेकदा वर्षातून एकदाच असतात. म्हणजे एक कोर्स हुकला की वर्ष वाढतं, आणि ते वाढतं ते युनिव्हर्सिटीच्या फीने.

म्हणून वेळापत्रक उलटं मांडा. सर्किट्स जास्तीत जास्त दुसऱ्या वर्षाच्या वसंत सत्रात झालाच पाहिजे. त्याला बसायला विद्युत-चुंबकत्वाचं फिजिक्स झालेलं लागतं, डिफरन्शियल इक्वेशन्स आधी किंवा सोबत. त्या फिजिक्सच्या आधी मेकॅनिक्स, मेकॅनिक्सला कॅल्क्युलस. मागे मोजत गेलात की दिसेल, पहिल्या शरद सत्रात कॅल्क्युलस एक सुरू झालं नाही तर उन्हाळा वापरल्याशिवाय गाडी जुळत नाही. प्रीकॅल्क्युलसपासून सुरुवात असेल तर आजच काउन्सेलरकडे जा. पण काउन्सेलरवर सगळं सोडू नका. ते शेकडो मुलांना सगळ्या विषयांचं सांगतात, इलेक्ट्रिकलची ही साखळी त्यांच्या डोक्यात असेलच असं नाही. तुमच्याच कॉलेजात इंजिनिअरिंग शिकवणाऱ्या प्राध्यापकांना विचारा. पुढच्या वर्षी सर्किट्स लागणार की नाही हे त्यांना आधी कळतं.

मग असिस्ट ही साइट उघडा. तुमचं कॉलेज, पाहिजे ती युनिव्हर्सिटी, आणि मेजर, म्हणजे मुख्य विषय, निवडलं की कोणता कोर्स कशाच्या बदल्यात चालतो ते दिसतं. प्रत्येक जोडी वेगळी पाहायची. एका कॅम्पसला चाललेला कोर्स दुसऱ्याला चालतोच असं नाही. करार शैक्षणिक वर्षानुसार बदलतात, तेव्हा पीडीएफ उतरवून तारखेसकट ठेवा. सर्किट्सच्या ओळीसमोर ‘आर्टिक्युलेशन नाही’, म्हणजे तुमच्या कॉलेजचा कोर्स तिथे चालत नाही, असं दिसलं तर तिथे थांबू नका, शेजारच्या कॉलेजांचे करार उघडा. बे एरियात डी अँझा, फूटहिल, मिशन, ओलोनी, एव्हरग्रीन व्हॅली एवढी कॉलेजं गाडीच्या अंतरावर आहेत, एकाच वेळी दोन ठिकाणी नाव घालता येतं. मात्र डी अँझा आणि फूटहिल क्वार्टरवर (तीनेक महिन्यांच्या सत्रांवर) चालतात, ओलोनी सेमिस्टरवर. कॅल्क्युलस किंवा फिजिक्सची मालिका जिथे सुरू केली तिथेच संपवा. मध्येच कॉलेज बदललं तर एखादा भाग दोनदा होतो, एखादा राहून जातो. सर्किट्स स्वतंत्र कोर्स आहे, तो दुसरीकडे केला तर असा घोळ होत नाही.

काही कॅम्पस सर्किट्स ‘आवश्यक’मध्ये घालतात, काही ‘शिफारस’मध्ये. ‘शिफारस’ वाचून सोडून देऊ नका. तिसऱ्या वर्षाचे प्राध्यापक थेव्हेनिन, ऑप-अँप, फेझर हे सर्किट्समधले विषय तुम्हाला येतात असं धरूनच फळ्यावर लिहायला लागतात.

आणि लॅब! काही कॉलेजांत सर्किट्सचं लेक्चर आणि लॅब दोन वेगळे कोर्स आहेत, वेगळ्या नंबराचे. युनिव्हर्सिटीला दोन्ही मिळून एक कोर्स भरतो. लेक्चर करून लॅब सोडली तर हातात अर्धाच. असिस्टवर दोन नंबरांमध्ये ‘आणि’ आहे की ‘किंवा’ हे नीट वाचा. ऑसिलोस्कोप आणि ब्रेडबोर्डवर हात बसलेला असणं पुढे लागतंच.

फिजिक्स कॅल्क्युलसवाला घ्या. बीजगणितावर चालणारा सोपा घेतला तर इंजिनिअरिंगला शून्य उपयोग. प्रोग्रॅमिंगची भाषा कॅम्पसनुसार वेगळी, कुठे सी++, कुठे पायथन. लिनिअर अल्जेब्रा विसरू नका. मेजरचे कोर्स पास-नापासवर घेऊ नका, ग्रेडच घ्या.

भारतात बारावीनंतर डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगचं एखादं वर्ष करून इकडे आला असाल तर ते अर्जात लिहायचंच, मार्क कसेही असोत, केटी असली तरी. लपवलं आणि नंतर कळलं तर दिलेला प्रवेश काढून घेतात. विद्यापीठाकडून मार्कशीट मिळायला किती दिवस जातात हे आपल्याला ठाऊक आहे, तेव्हा काका-मामा कोणी तिकडे असतील तर त्यांना आत्ताच कामाला लावा. अभ्यासक्रमाची प्रतही मागवा. आई-बाबांच्या व्हिसावर एच-4 असाल तर 21 वर्षं पूर्ण होण्याची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि एफ-1 या विद्यार्थी व्हिसाचं वकिलाशी खूप आधी बोला. हे प्रवेशापेक्षा मोठं प्रकरण आहे.

जनरल एज्युकेशन, म्हणजे मेजरबाहेरचे सगळ्यांना लागणारे कोर्स: 2025च्या शरद सत्रापासून त्यांचा कॅल-जीईटीसी हा एकच नमुना यूसी आणि कॅल स्टेट दोन्हीकडे चालतो. तो पूर्ण असेल तर छान, पण इंजिनिअरिंगला आधी मेजरची तयारी पाहतात. इतिहासाचा कोर्स बसवायला सर्किट्स पुढे ढकलू नका. कॅल स्टेटला मात्र भाषण, लेखन, क्रिटिकल थिंकिंग आणि गणित हे चार तिकडे जायच्या आधीच्या वसंत सत्रापर्यंत झालेले लागतात, प्रत्येकात किमान सी-मायनस. यूसीला इंग्रजीचे दोन कोर्स हवेतच.

यूसीचा टॅग म्हणजे हमीचा प्रवेश, त्याचा अर्ज फक्त सप्टेंबरात, 1 ते 30. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रूझ या सहांपैकी एकालाच. बर्कली, एलए, सॅन डिएगोला टॅग नाही. सांता बार्बराचं इंजिनिअरिंगही त्यात येत नाही. यूसीला किमान जीपीए (ग्रेडची सरासरी) 2.4, कॅलिफोर्नियाबाहेरच्या रहिवाशांना 2.8, पण इलेक्ट्रिकलला एवढ्याने भागत नाही.

मुख्य अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरात. शेवटच्या रात्रीवर ठेवू नका. साइट अडते आणि रडायला येतं. यूसीच्या अर्जात चार प्रश्नांची उत्तरं, प्रत्येकी 350 शब्दांपर्यंत. त्यातलं मेजरच्या तयारीचं उत्तर सक्तीचं, तिथे लॅबमध्ये स्वतः काय बांधलं ते लिहा. वसंतात घ्यायचे कोर्सही अर्जात भरायचे असतात, सर्किट्स त्या यादीत दिसलाच पाहिजे.

31 जानेवारीपर्यंत यूसीचं अपडेट भरा, म्हणजे ग्रेड आणि कोर्समधले बदल. सर्किट्स रद्द झाला, वेटलिस्टवर राहिलात, दुसऱ्या कॉलेजात घेतला, जे असेल ते कळवा. न कळवता कोर्स सोडणं सगळ्यात वाईट.

आर्थिक मदतीचा अर्ज 2 मार्चच्या आत. निकाल एप्रिलपर्यंत. यूसीला होकार 1 जूनपर्यंत. ट्रान्स्क्रिप्ट (अधिकृत गुणपत्रक) 1 जुलैपर्यंत, सगळ्या कॉलेजांचे, एका कोर्सपुरतं गेलात त्याचाही. क्वार्टरचं कॉलेज जूनअखेर संपतं, तेव्हा ‘ग्रेड लागल्यावर पाठवा’ हा पर्याय निवडा. ओरिएंटेशनला सर्किट्स आणि त्याची लॅब दोन्ही खात्यावर चढलेत का बघा, नसतील तर सिलॅबस दाखवा. लसीकरणाचे कागद, राहण्याचा अर्ज होकाराच्या दिवशीच.