पथदिव्यांच्या जागा ठरवताना या चुका टाळा

नकाशावरच्या रस्त्याच्या रेषेवर दर तीस मीटरला एक टिंब देत जाणे ही पथदिव्यांच्या नियोजनाची सर्वांत सोपी आणि म्हणूनच सर्वांत रूढ पद्धत आहे. सरळ, मोकळ्या आणि सारख्या रुंदीच्या रस्त्यावर ती बऱ्यापैकी चालतेही. गडबड होते ती वळणावर, तिठ्यावर, पायऱ्यांपाशी आणि झाडांखाली, कारण तिथे खांब मोजून भागत नाही. त्या जागी कोणाला, कोणत्या दिशेने आणि नेमके काय दिसले पाहिजे, हे आधी ठरवावे लागते.

पाहणी चुकीच्या वेळी करणे

दिवसा फिरून खांबांच्या जागा नक्की करणाऱ्या पथकाला अंधार सोडून बाकी सगळे दिसते. संध्याकाळी आठची पाहणीही फारशी कामाची नाही, कारण तेव्हा दुकानांचे दिवे आणि पाट्या चालू असतात आणि रस्ता पुरेसा उजळलेला वाटतो. तोच रस्ता शटर खाली आल्यावर अर्ध्या तासात काळाकुट्ट होतो. पौर्णिमेच्या आसपासचे दिवसही टाळावेत. पूर्ण चंद्राचा प्रकाश जमिनीवर जेमतेम पाव लक्स (पृष्ठभागावर पडणारा प्रकाश मोजण्याचे एकक) असतो, पण अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना तेवढ्यावरही वाट दिसते आणि पाहणी करणारा फसतो. तेव्हा दुकाने बंद झाल्यावर, अमावास्येच्या सुमारास आणि शक्य तो पायी फिरावे. गाडीतून केलेल्या पाहणीत गाडीचे दिवे सोबत असतात, हे फार उशिरा लक्षात येते.

फक्त तक्रारींवरून यादी करणे

ज्या वस्तीला अर्ज लिहिण्याची सवय आहे, तिथे दिवे आधी लागतात. तक्रारींची नोंद जरूर घ्यावी, पण तिच्या शेजारी अपघातांची नोंद आणि अंधार पडल्यावर पायी चालणाऱ्यांचे मार्ग मांडावेत. शेवटच्या बसने उतरलेला माणूस थांब्यापासून घरापर्यंत कोणत्या वाटेने जातो, हे पाहिले की अनेकदा मधला दीडदोनशे मीटरचा असा तुकडा सापडतो, ज्याबद्दल आजवर कोणीच अर्ज केलेला नसतो.

झेब्रा क्रॉसिंगच्या डोक्यावर दिवा लावणे

ही चूक इतकी सर्रास होते आणि वरवर इतकी बरोबर वाटते की तिच्यावर थोडे थांबायला हवे. दिवा बरोबर पट्ट्यांच्या वर असेल तर पट्टे लखलखतात आणि कागदावर लक्सचा आकडाही उत्तम येतो. पण चालकाला पट्टे नव्हे, माणूस दिसायला हवा. वरून पडणाऱ्या प्रकाशात डोके आणि खांदे उजळतात, तर चालकाकडे असलेली बाजू, म्हणजे छाती, पोट आणि पाय, सावलीत राहते. म्हणून दिवा क्रॉसिंगच्या काही मीटर अलीकडे, वाहने ज्या बाजूने येतात त्या बाजूला हवा; दुहेरी वाहतूक असेल तर प्रत्येक दिशेसाठी एक, असे दोन दिवे लागतात.

मोजणीही त्यानुसारच करावी लागते. लक्समीटर जमिनीवर आडवा ठेवून काही कळत नाही. तो छातीच्या उंचीवर, येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून उभा धरावा. अमेरिकेच्या संघीय महामार्ग प्रशासनाच्या २००८ च्या मार्गदर्शिकेत चौकाबाहेरच्या क्रॉसिंगसाठी १.५ मीटर उंचीवर असा २० लक्स उभा प्रकाश सुचवलेला आहे. मीटर हाताशी नसेल तर सहकाऱ्याला गडद कपड्यांत पट्ट्यांवर उभे करावे आणि पन्नास मीटरवरून पाहावे. त्याच्या शर्टाची बटणपट्टी ओळखू आली तर ठीक. नुसता काळा आकार दिसला तर खांबाची जागा चुकली आहे.

वळण आणि तिठा यांना सरळ रस्त्याचे माप लावणे

वळणावर खांब बाहेरच्या बाजूला आणि नेहमीपेक्षा कमी अंतरावर हवेत, म्हणजे दिव्यांची रांगच चालकाला रस्ता कुठे वळतो ते सांगते. आतल्या बाजूच्या खांबांमुळे रस्ता सरळ जातो असा भास होऊ शकतो. तिठ्यावर एक दिवा येऊन मिळणाऱ्या रस्त्याच्या बरोबर समोर असावा, जेणेकरून पुढे रस्ता संपतो हे दुरूनच कळेल.

उंची, रुंदी आणि अंतर वेगवेगळे ठरवणे

या तीन मापांचे नाते साधे आहे. रस्त्याची रुंदी दिव्याच्या उंचीइतकी किंवा कमी असेल तर एका बाजूचे खांब पुरतात; ती उंचीच्या दीडपटीपर्यंत असेल तर दोन्ही बाजूंना आलटूनपालटून, आणि त्याहून जास्त असेल तर समोरासमोर खांब घ्यावेत. दोन खांबांतील अंतर साधारणपणे उंचीच्या तीन ते चार पट राहते. आठ मीटर उंचीचे खांब पंचेचाळीस मीटरवर उभे केले तर मधे काळा पट्टा राहणारच. तो घालवण्यासाठी जास्त वॅटचा दिवा लावला की खांबाखालचा भाग आणखी झगझगीत होतो आणि त्यातून बाहेर पडणाऱ्या डोळ्यांना मधला पट्टा अधिकच काळा भासतो. सर्वांत अंधाऱ्या ठिकाणचा प्रकाश सरासरीच्या किमान ०.४ पट असावा, ही वाहतुकीच्या रस्त्यांसाठी वापरली जाणारी कसोटी वॅटपेक्षा कितीतरी जास्त उपयोगी आहे. जुन्या सोडियम दिव्यांच्या खांबांवर एलईडी फिटिंग चढवतानाही हाच घोळ होतो, कारण नव्या फिटिंगचा प्रकाश पसरण्याचा आकार वेगळा असतो.

झाड पानगळीत पाहणे

पानगळीत ठरवलेला खांब पालवी फुटली की फांद्यांत हरवतो. दरवर्षी छाटणी करू, हे आश्वासन नियोजनात धरू नये. लांब हाताचा ब्रॅकेट किंवा पर्णसंभाराच्या खाली येणारे कमी उंचीचे जास्त दिवे घ्यावेत.

दिवे लागल्यावर दिसणारे दोष

दिवा रात्रभर ठरावीक वेळाने चालू-बंद होत असेल तर, तो एलईडी असल्यास, फोटोसेलवर, म्हणजे अंधार-उजेड ओळखून दिवा चालू-बंद करणाऱ्या सेन्सरवर, त्याचाच प्रकाश जवळच्या पाटीवरून किंवा पानांवरून परतून पडतो आहे का ते आधी पाहावे. जुना सोडियम दिवा असे करत असेल तर बहुधा त्याचे आयुष्य संपत आले आहे. एका बिघाडात अख्खा रस्ता अंधारत असेल तर बहुधा सगळे दिवे वीजपुरवठ्याच्या एकाच फेजवर, म्हणजे तीनपैकी एकाच वाहिनीवर, आहेत. लगतचे दिवे वेगवेगळ्या फेजवर घेतले की निदान मधले जळत राहतात. डोळे दिपण्याची किंवा खिडकीत उजेड येण्याची तक्रार आली तर खांब हलवण्याआधी फिटिंगचा कल तपासावा. रुंद रस्त्याला उजेड पुरा पडावा म्हणून ते अनेकदा वर उचललेले असते, आणि आडवे केल्यावर बऱ्याच तक्रारी मिटतात. तरीही उजेड खुपत असेल तर रंग पाहावा. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०१६ मध्ये पथदिव्यांसाठी ३००० केल्विन किंवा त्याहून कमी रंगतापमान (आकडा जितका कमी, तितका प्रकाश पिवळसर) सुचवले होते, आणि निवासी गल्ल्यांत ते डोळ्यांना खरोखरच सुसह्य वाटते.

शंका असलेल्या प्रत्येक जागी पायाचा खड्डा खणण्याआधी शिडीच्या गाडीवर त्याच उंचीला तेच फिटिंग बांधून एक रात्र लावून पाहावे. पायरीची कड, गटाराचे झाकण आणि समोरून येणाऱ्याचा चेहरा, तिन्ही दिसले तर तिथे खूण करावी. नाहीतर गाडी दोन मीटर पुढेमागे घ्यावी.