उमेदवाराचे संकेतस्थळ कसे तपासावे : ठाणे आणि नवी मुंबईच्या मतदारांसाठी

प्रचारसभेतले बोलणे ऐकून घरी येईपर्यंत त्यातले नेमके शब्द आठवत नाहीत, आणि दारावर येणाऱ्या कार्यकर्त्याला चार प्रश्न विचारावेत तर तो पत्रक हातात देऊन पुढच्या मजल्यावर गेलेला असतो. उमेदवाराच्या संकेतस्थळाचे मात्र तसे नाही. तिथे जे आहे ते त्याने किंवा त्याच्या माणसांनी विचार करून लिहिलेले असते, ते आपल्या सवडीने वाचता येते आणि त्यातल्या प्रत्येक दाव्याची शहानिशा करता येते. म्हणूनच कार्यअहवालाच्या मागच्या पानावरचा क्यूआर कोड स्कॅन करून पहिले पान पाहिले आणि फोन बंद केला, एवढ्यावर थांबू नये. एका उमेदवारासाठी शांतपणे तासभर काढला तरी पुष्कळ गोष्टी समजतात. तो तास कसा वापरावा, ते येथे सांगत आहे.

पहिला प्रश्न असा की उमेदवार कोणत्या पदासाठी उभा आहे आणि त्याने दिलेली आश्वासने त्या पदाच्या अधिकारात बसतात का. नगरसेवक, आमदार आणि खासदार यांची कामे कायद्याने वेगळी आहेत, परंतु प्रचाराच्या संकेतस्थळावर ती सर्रास एकत्र केलेली असतात. महानगरपालिकेची बंधनकारक कर्तव्ये महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये दिलेली आहेत. पाणीपुरवठा, मलनिःसारण, कचरा, रस्ते, दिवाबत्ती, प्राथमिक शिक्षण असे विषय त्यात येतात. महापालिकेच्या निवडणुकीत एखाद्याच्या पहिल्याच पानावर मेट्रो, लोकलच्या फेऱ्या किंवा बोगद्याचे चित्र झळकत असेल, तर ही कामे महापालिका करत नाही हे लक्षात ठेवावे. वडाळा ते कासारवडवली मेट्रो आणि ठाणे-बोरिवली बोगदा हे एमएमआरडीएचे, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे प्रकल्प आहेत आणि लोकलच्या फेऱ्या रेल्वे ठरवते.

नवी मुंबईत ही गुंतागुंत अधिकच आहे. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या राज्य शासनाच्या महामंडळाची स्थापना १९७० साली झाली आणि महापालिका १९९२ पासून आहे. त्यामुळे भूखंड, भाडेपट्टा, साडेबारा टक्के योजना (संपादित जमिनीच्या मोबदल्यात मूळ जमीनमालकांना विकसित भूखंड देण्याची योजना) हे विषय सिडकोकडे जातात, तर नळाचे पाणी, गटारे, उद्याने आणि एनएमएमटीच्या बसगाड्या महापालिकेकडे. घरे भाडेपट्ट्यातून मुक्त करून देण्याचे आश्वासन नगरसेवकपदाचा उमेदवार देत असेल, तर तो निर्णय सिडको आणि राज्य शासन यांच्या स्तरावर होतो, हे त्याने त्याच पानावर सांगितले आहे का, ते पाहावे. तसे सांगून त्यासाठी आपण काय करणार हेही जो मांडतो, त्याला कामाची जाण आहे असे मानायला हरकत नाही. जो ते गाळतो, त्याला एकतर माहिती नाही किंवा मतदाराला माहिती नसेल असे त्याने गृहीत धरले आहे. या दोहोंपैकी काहीही खरे असले तरी मी तो दोष गंभीर मानतो.

यानंतर ‘केलेली कामे’ या पानाकडे यावे. माझ्या मते सर्वांत जास्त वेळ येथेच द्यावा. महापालिकेचे कोणतेही काम ठरावीक टप्प्यांतून जाते. आधी मागणी किंवा निवेदन, मग प्रस्ताव, अंदाजपत्रकातील तरतूद, प्रशासकीय मंजुरी, निविदा, स्थायी समितीची मान्यता, कार्यादेश, प्रत्यक्ष काम आणि शेवटी ते नागरिकांच्या वापरात येणे. संकेतस्थळावरचा प्रत्येक दावा यांपैकी कोणत्या टप्प्यावर उभा आहे, ते ओळखण्याची सवय लावून घ्यावी. आयुक्तांना पुष्पगुच्छ आणि कागद देतानाचे छायाचित्र असेल तर काम पहिल्या टप्प्यावर आहे. नारळ फोडतानाचे छायाचित्र असेल तर भूमिपूजन झाले आहे, काम झाले असे त्यावरून ठरत नाही. ‘पाठपुरावा सुरू’ असे लिहिले असेल तर कोणत्या तारखेपासून, कोणत्या विभागाकडे आणि कोणत्या पत्राद्वारे, हे तिथे दिलेले असायला हवे.

एक उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या संकेतस्थळावर ‘घोडबंदर रोड परिसराचा पाणीप्रश्न कायमचा सोडवला’ असे वाक्य आहे. ठाण्याला पाणी चार ठिकाणांहून मिळते : महापालिकेची स्वतःची योजना, स्टेम प्राधिकरण, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका. तेव्हा प्रश्न सोडवला म्हणजे यांपैकी कुणाकडून किती दशलक्ष लिटर वाढीव पाणी मिळाले, कोणत्या वर्षी मिळाले, आणि ते साठवून पुढे देण्यासाठी कोणती टाकी किंवा जलवाहिनी बांधली गेली, हे त्या पानावर असायला हवे. नसेल तर आपल्याच सोसायटीच्या सचिवांकडून गेल्या दोन उन्हाळ्यांची टँकरची बिले पाहायला मागावीत. एप्रिल आणि मे महिन्यांत किती टँकर आले आणि किती पैसे गेले, हे त्या बिलांवर तारीखवार असते. बिले कमी झाली असतील तर दाव्यात तथ्य आहे आणि उमेदवाराला त्याचे श्रेय मोकळ्या मनाने द्यावे. बिले तेवढीच असतील किंवा वाढली असतील, तर त्या संकेतस्थळावरच्या इतर दाव्यांकडेही सावधपणे पाहावे. रस्ता, उद्यान, शाळेची इमारत यांच्या बाबतीतही हाच मार्ग आहे : दावा वाचायचा, त्याला एक मोजता येण्याजोगा प्रश्न विचारायचा आणि उत्तर आपल्या प्रभागात जाऊन पाहायचे.

तारखांकडे येथे विशेष लक्ष द्यावे. नवी मुंबई महापालिकेची २०१५ साली निवडून आलेल्या सभागृहाची मुदत मे २०२० मध्ये संपली आणि ठाण्याच्या २०१७ च्या सभागृहाची मार्च २०२२ मध्ये. त्यानंतर जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत दोन्ही शहरांचा कारभार प्रशासकांच्या हाती होता. त्या काळात सर्वसाधारण सभा नव्हती, स्थायी समिती नव्हती आणि नगरसेवकही नव्हते. असे असताना २०२३ किंवा २०२४ मधले एखादे काम ‘नगरसेवक म्हणून मंजूर करून घेतले’ असे कुणी लिहीत असेल, तर ते तसे घडूच शकत नव्हते. माजी नगरसेवक म्हणून मागणी केली आणि प्रशासनाने काम केले, असे लिहिणे खरे असू शकते. ज्याने तसे लिहिले असेल त्याचा प्रामाणिकपणा नोंद घेण्याजोगा आहे. त्याआधीच्या काळातल्या दाव्यांसाठी सभागृहाचे ठराव आणि इतिवृत्ते मागता येतात. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये शुल्क लागते आणि उत्तराची मुदत तीस दिवसांची असते. म्हणून हे काम आचारसंहिता लागायच्या आधीच हाती घ्यावे. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो. त्यामुळे एका कामासाठी एक अर्ज करणेच सोयीचे.

आता संकेतस्थळावर जे नाही त्याकडे वळावे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे उमेदवाराला आपली मालमत्ता, कर्जे, शिक्षण आणि प्रलंबित गुन्हे शपथपत्रात जाहीर करावे लागतात. लोकसभा आणि विधानसभेच्या उमेदवारांची शपथपत्रे भारत निवडणूक आयोग इंटरनेटवर प्रसिद्ध करतो, तर महापालिका निवडणुकांची जबाबदारी राज्य निवडणूक आयोगाकडे आहे. या दोन आयोगांत गल्लत करू नये, कारण चुकीच्या ठिकाणी शोधून काही सापडले नाही की माहिती लपवली आहे, असा गैरसमज होतो. शपथपत्र एका बाजूला आणि संकेतस्थळावरचा ‘परिचय’ दुसऱ्या बाजूला ठेवून ओळ न ओळ ताडून पाहावी. परिचयात ‘उच्चशिक्षित’ असे मोघम लिहिलेले असेल तर शपथपत्रात पदवी, संस्था आणि वर्ष पाहावे. परिचयात ‘जनआंदोलनांत अग्रेसर’ असेल आणि शपथपत्रात गुन्हे असतील तर कलमे पाहावीत. पाण्यासाठी मोर्चा काढल्याबद्दल जमावबंदी मोडल्याचा गुन्हा आणि खंडणीचा गुन्हा यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. हा फरक उमेदवाराने स्वतःच संकेतस्थळावर स्पष्ट केला असेल तर फारच चांगले.

पक्षाच्या संकेतस्थळाचेही येथे काम आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये असा आदेश दिला की लोकसभा आणि विधानसभेसाठी गुन्हे प्रलंबित असलेला उमेदवार निवडल्यास पक्षाने त्या गुन्ह्यांचा तपशील आणि त्यालाच उमेदवारी देण्याचे कारण आपल्या संकेतस्थळावर द्यावे, आणि केवळ निवडून येण्याची क्षमता हे कारण पुरेसे मानू नये. ऑगस्ट २०२१ मध्ये ही माहिती मुखपृष्ठावरच ठळकपणे असावी, असेही न्यायालयाने सांगितले. ऐरोली, बेलापूर, ओवळा-माजिवडा, कोपरी-पाचपाखाडी, कोणत्याही मतदारसंघातल्या मतदाराला ही कारणे वाचण्याचा हक्क आहे. ती प्रत्येक उमेदवारासाठी जवळजवळ त्याच शब्दांत लिहिलेली दिसली, तर पक्षाने त्या प्रश्नाचा विचार किती केला असेल, ते ध्यानात येते.

उमेदवाराचा व्यवसाय हा विषय बहुतेक संकेतस्थळांवर ‘यशस्वी उद्योजक’ या दोन शब्दांत उरकलेला असतो. मला तो फार महत्त्वाचा वाटतो. महापालिकेच्या कंत्राटात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असणे हे नगरसेवकपदासाठी अपात्रतेचे कारण आहे, आणि स्वतःचे, जोडीदाराचे किंवा अवलंबितांचे अनधिकृत बांधकाम असणे हेही. ज्या शहरांत रस्ते, कचरा वाहतूक आणि बांधकाम यांवर एवढा पैसा खर्च होतो, तिथे उमेदवाराची फर्म नेमके काय करते आणि कुणासाठी करते, हे विचारणे म्हणजे भोचकपणा नव्हे, ती मतदाराची गरज आहे.

ठाण्यात १३१ आणि नवी मुंबईत १११ जागा आहेत आणि आता दोन्हीकडे बहुसदस्यीय प्रभाग आहेत. एका प्रभागात साधारणपणे चार जागा असतात आणि मतदाराला प्रत्येक जागेसाठी एक याप्रमाणे मत द्यावे लागते. त्यामुळे पुष्कळदा चौघांच्या पॅनलचे मिळून एकच संकेतस्थळ असते. त्यात प्रमुख उमेदवाराची दहा छायाचित्रे आणि बाकी तिघांचे फक्त नाव आणि चिन्ह असेल, तर आपण तीन अनोळखी व्यक्तींना मत देणार आहोत, हे समजून घ्यावे. राखीव जागेवरच्या महिला उमेदवाराचा परिचय पतीच्या किंवा सासऱ्यांच्या कामांनीच भरलेला दिसला, तर तिचे स्वतःचे म्हणणे कुठे आहे, असे पॅनलच्या प्रमुखांना जरूर विचारावे. ती कदाचित चौघांत सर्वांत सक्षम असेल, पण संकेतस्थळाने तिला बोलायला जागाच दिलेली नसेल.

संकेतस्थळ मराठीसह हिंदी आणि इंग्रजीतही असेल तर एक सोपी परीक्षा करावी. एकच विषय दोन्ही-तिन्ही भाषांत उघडून शेजारी शेजारी वाचावा. नवी मुंबईत गावठाणातल्या प्रकल्पग्रस्तांची गरजेपोटी बांधलेली घरे नियमित व्हावीत ही मागणी जुनी आहे आणि तिला सबळ कारणे आहेत, तर सेक्टरमधल्या सोसायट्यांना रस्ते आणि मोकळ्या जागा अतिक्रमणमुक्त हव्या असतात. मराठी पानावर पहिले आश्वासन आणि इंग्रजी पानावर दुसरे, आणि दोन्हींचा मेळ कसा घालणार याबद्दल कुठेच एक शब्दही नाही, असे आढळले तर उमेदवाराने अवघड प्रश्नाला बगल दिली आहे.

छायाचित्रांसाठी गूगल लेन्स पुरेसे आहे. गुळगुळीत रस्त्याचे चित्र दुसऱ्याच शहरातले निघाले, तर ते तिथेच कळते. संकेतस्थळाच्या देखणेपणाला मात्र गुण देऊ नयेत, कारण तो पैशांनी विकत मिळतो. एखाद्या अपक्ष शिक्षिकेचे दोन पानांचे साधे संकेतस्थळ, त्यात प्रभागातल्या नाल्याचा नकाशा आणि तीन स्पष्ट प्रस्ताव, हे चकचकीत चित्रफितींपेक्षा मतदाराला अधिक काही सांगून जाते. आणि दिव्यातल्या किंवा दिघ्यातल्या एखाद्या उमेदवाराचे संकेतस्थळच नसेल तर तो त्याचा दोष मानू नये. त्याच्या पत्रकाला हेच प्रश्न लावावेत.

‘मतदार यादीत आपले नाव शोधा’ अशी चौकट अनेक प्रचार संकेतस्थळांवर असते आणि ती भरताना मोबाइल क्रमांक, मतदार ओळखपत्राचा क्रमांक, कधी कुटुंबातील सर्वांची नावेही विचारली जातात. नाव शोधण्यासाठी निवडणूक आयोगाची अधिकृत सोय आहे, तीच वापरावी. आपली माहिती कशासाठी घेतली जात आहे आणि निवडणुकीनंतर तिचे काय होणार, हे जिथे लिहिलेले नाही तिथे ती देऊ नये, आणि ओटीपी तर कुणालाच देऊ नये.

एवढे झाल्यावर उमेदवाराला त्याच्याच संपर्क पानावरून एक लेखी प्रश्न पाठवावा. प्रश्न एका कामाबद्दल आणि एका आकड्याबद्दल असावा, उदाहरणार्थ, ‘आमच्या प्रभागातल्या आरोग्य केंद्रात संध्याकाळी डॉक्टर उपलब्ध व्हावा यासाठी आपण कोणता प्रस्ताव मांडणार आणि त्याला वर्षाला किती खर्च येईल?’ उत्तर अपुरे असले तरी चालेल, त्यात विषय समजून घेतल्याची खूण असावी. ‘आपला आशीर्वाद असू द्या’ एवढेच उत्तर आले किंवा काहीच आले नाही, तर तीही माहितीच आहे. सोसायटीतल्या चार-पाच जणांनी वेगवेगळे प्रश्न पाठवून उत्तरे एकत्र वाचली तर तुलना अधिक चांगली होते.

शेवटी, मतदानापूर्वी आश्वासनांची पाने जपून ठेवावीत, कारण निकालानंतर अनेक संकेतस्थळे बंद होतात किंवा त्यांचा मजकूर बदलला जातो. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर ‘सेव्ह पेज नाऊ’ या चौकटीत पानाचा पत्ता टाकला की त्या दिवसाची प्रत तारखेसह साठवली जाते. याच ठिकाणी उमेदवाराच्या मागच्या निवडणुकीच्या वेळच्या पानाची प्रतही कधीकधी सापडते. ती सापडली तर तेव्हाची आणि आताची आश्वासने शेजारी ठेवून वाचावीत. जपून ठेवलेल्या पानांचे दुवे सोसायटीच्या ग्रुपवर टाकावेत आणि महापालिकेचे पहिले अंदाजपत्रक सादर होईल तेव्हा ती पाने पुन्हा उघडून त्यातल्या कोणत्या कामासाठी किती तरतूद झाली, ते पाहावे.