फ्लास्कातलं झाडात होतं का?

मे महिन्यात आमच्या कुळागरात, म्हणजे घरच्या बागायतीत, भिरंडांचा, म्हणजे कोकमच्या फळांचा, सडा पडतो. आई फळं फोडून बिया बाजूला काढते, साली त्याच रसात पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात घालते. पहिल्या पावसाआधी सोलां, म्हणजे या वाळलेल्या साली, बरणीत गेली पाहिजेत. माझ्या पीएचडीचं वेळापत्रकही तेच होतं, कारण माझा विषयच कोकम. नमुने वाया गेले की पुढच्या मेपर्यंत थांबा.

वनस्पतींतल्या रसायनांवर काम करायचंय, पदवी कुठली घेऊ, असं मुलं विचारतात. रसायनशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र, दोन्हींकडून या वाटेला येता येतं. फक्त रसायनवाल्यांनी झाड ओळखायला शिकावं आणि वनस्पतीवाल्यांनी एनएमआरचा, म्हणजे रेणूची रचना ओळखायच्या यंत्राचा, आलेख वाचायला. त्यासाठी एमएस्सीची दोन वर्षं पुरतात. नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि घरभाडं मिळतं, म्हणून ती परीक्षा मन लावून द्या.

खरी गोष्ट यापुढची. दुसऱ्या वर्षी मी सालीचा अर्क, त्यातले घटक वेगळे करायला, सिलिका जेल भरलेल्या नळीवर, म्हणजे कॉलमवर, चढवला. वरून ओतायच्या हेक्झेन या सॉल्व्हंटमध्ये इथाइल अ‍ॅसिटेट या दुसऱ्या सॉल्व्हंटचं प्रमाण थोडं थोडं वाढवत गेले. खाली गोळा केलेल्या एका भागात, म्हणजे फ्रॅक्शनमध्ये, टीएलसीवर (सिलिकाचा पातळ थर असलेल्या प्लेटवर घटकांचे ठिपके वेगळे करायची चाचणी) एकच स्वच्छ ठिपका आला. बिनरंगाचं, तेलकट द्रव्य. एनएमआरमध्ये ७.५ आणि ७.७ ला सुंदर सिग्नल, ४.२ ला आणखी एक. नवीन संयुग सापडलं म्हणून त्या रात्री मला झोप लागली नाही. त्याची रचना बसवण्यात चार महिने गेले. सरांनी मास स्पेक्ट्रम, म्हणजे रेणूच्या तुकड्यांच्या वजनांचा आलेख, पाहिला, १४९ च्या उंच रेघेवर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘‘नुसतं सॉल्व्हंट चालवून बघितलंस?’’ मी नव्हतं बघितलं. १४९ ची रेघ ही थॅलेटची ओळखीची खूण, आणि ते थॅलेटच होतं. प्लास्टिक मऊ राहावं म्हणून घालतात ते, माझ्याच प्लास्टिकच्या बाटलीतून उतरलेलं.

तेव्हापासून प्रत्येक अर्काबरोबर एक कोरा अर्क करते. सगळं तसंच, फक्त साल नाही. सॉल्व्हंट काचेच्याच बाटलीत. विद्यार्थ्यांनी कंटाळा केला तरी यात मी सूट देत नाही.

कोकमच्या आंबटपणाचंही असंच. सालीतलं मुख्य आम्ल हायड्रॉक्सिसायट्रिक. अर्क तापवून आटवला की त्यातलं काही लॅक्टोन या दुसऱ्या रूपात बदलतं आणि एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, एकाच्या जागी दोन शिखरं दिसतात. दुसरं शिखर फळातलं की आपल्या वॉटरबाथमधलं, हे ताजा, न तापवलेला रस शेजारी चालवल्याशिवाय सांगता येत नाही. मलबारी चिंच हे कोकमचंच भावंड. तिच्या फळात सायट्रिक आणि टार्टारिक आम्ल असतं असं आधी मानत. १९६५ मध्ये लुईस आणि नीलकंठन यांनी त्यातलं मुख्य आम्ल हायड्रॉक्सिसायट्रिक असल्याचं दाखवलं. रोजच्या खाण्यातल्या फळाबद्दल इतकी वर्षं चुकीचं धरून चाललं होतं, याचं मला अजून नवल वाटतं आणि या कामाची ओढही तिथूनच आहे.

गोव्यात काम करणाऱ्याला पावसाचं वेगळं सांगायला हवं. जुलैत उघडी राहिलेली सिलिका हवेतलं पाणी ओढते आणि काल वेगळे दिसणारे ठिपके आज एकमेकांत मिसळतात. टीएलसीची प्लेट वापरायच्या आधी ११० अंशांवर तापवून घ्या. पानं खोलीत पसरून वाळवायला जाल तर तिसऱ्या दिवशी बुरशी धरेल आणि मग बुरशीची रसायनंही तुमच्या अर्कात येतील. ४० अंशांचा, हवा खेळती असलेला ओव्हन मिळवा, नाहीतर नमुना ताजाच उणे वीस अंशांत ठेवा.

झाडाचा पुरावा पहिल्याच दिवशी करा. फुला-फळाची डहाळी वर्तमानपत्रात दाबून हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयात, जमा करा आणि क्रमांक घ्या. कोकममध्ये नर आणि मादी झाडं वेगळी असतात, तेही लिहा. मी पहिल्या वर्षी लिहिलं नाही. पुढच्या वर्षी फळं नसलेल्या दिवसांत पानं आणायला गेले, तर कुळागरातली तीन झाडं सारखीच दिसत होती. शेवटी आईला हाक मारली. तिनं लांबूनच बोट दाखवलं, ‘‘तो दादला, त्याला भिरंडां धरत नाहीत.’’ त्या दिवशी मी तिन्ही खोडांना नंबरच्या पत्र्याच्या पट्ट्या बांधल्या.