विहीर गोडी ठेवायची तर पन्हळ आधी
पेडण्याच्या किनारपट्टीत विहिरी उपसून साफ करणं हा माझा धंदा. मे महिन्यात पाणी मचूळ लागलं की लोक विचारतात, “आणखी खोल मारूया?” नको! गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. समुद्रपातळीच्या वर ते १ मीटर असेल, तर खाली साधारण ४० मीटरपर्यंत असतं. वरचं थोडं उतरलं की खालचं खारं भराभर चढतं. त्यात समुद्रही वाढतोय. १९०१ ते २०१८ मध्ये जगभर सरासरी २० सेंटिमीटर, जमिनीवरचा बर्फ वितळून आणि तापलेलं पाणी फुगून. (तरंगता बर्फ वितळल्याने पातळी जवळपास वाढत नाही, पैज लावणाऱ्यांनी ग्लासात करून बघावं.)

म्हणून छपरावरच्या पावसाच्या पाण्याने विहीर वरून भरा. मृगाआधी कौलं झाडा, पन्हळ लावा. विहिरीआधी गाळणीची टाकी बांधा: तळाला मोठी खडी, मग बारीक, वर जाड वाळू. वाळू किनाऱ्यावरची नकोच, मीठ घेऊन येते. पहिल्या सरी बाहेर सोडायला वेगळा नळ हवा.

१०० चौरस मीटर छप्पर आणि ३,००० मिलिमीटर पाऊस, पाचवा हिस्सा वाया गेला तरी २,४०,००० लिटर होतात.

पन्हळ मात्र रुंद घ्या. हवा एक अंश तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, त्यामुळे सर आली की ओततेच. जादा पाणी उतारावर काढा, शेजाऱ्याच्या अंगणात नव्हे.

आणि उन्हाळ्यात पंप एका दमात तासभर ओढू नका, थोडा थोडा चालवा.