कार्यालयातील तत्त्वचर्चा : नव्या संयोजकांसाठी काही अनुभव

कार्यालयात तत्त्वज्ञानाचा चर्चागट सुरू करू पाहणारे सहकारी बहुधा आधी पुस्तकाचे नाव विचारतात. पुण्यातील आमच्या कार्यालयात काही वर्षे असा गट चालवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, आरंभ पुस्तकाने न करता गटातील कुणाला कामात खरोखर पडलेल्या प्रश्नाने करावा. जर्मन तत्त्वज्ञ लेओनार्ड नेल्सन यांनी १९२२ साली ग्योटिंगेन येथील व्याख्यानात सॉक्रेटिसच्या पद्धतीची मांडणी केली आणि त्यांचे शिष्य गुस्ताव हेकमान यांनी पुढे ती गटचर्चेसाठी विकसित केली. या पद्धतीत एकाचा प्रत्यक्ष अनुभव तपासत सर्वसाधारण तत्त्वाकडे जायचे असते आणि संयोजकाने स्वतःचे मत बाजूला ठेवायचे असते.

आमच्या एका सहकाऱ्याने विचारले होते, "काम ठरल्या तारखेला होणार नाही हे मला दिसते आहे, पण ग्राहकाने विचारले नाही म्हणून मी गप्प राहिलो, तर ते खोटे बोलणे ठरते का?" मौन आणि असत्य यांतील भेदावर बरीच चर्चा झाल्यावरच आम्ही जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटचा १७९७ मधील निबंध हाती घेतला. मित्राच्या मागावर आलेल्या मारेकऱ्याशीही खोटे बोलू नये, हे त्यातील प्रतिपादन तेव्हा कुणालाच दूरचे वाटले नाही.

अशा गटापुढील मोठी अडचण अधिकाराच्या उतरंडीची असते. व्यवस्थापकांनी मत दिले की इतरांचे विचार तेथेच थांबतात. म्हणून वरिष्ठांनी शेवटी बोलावे आणि येथील बोलणे वार्षिक मूल्यमापनात येणार नाही, असे त्यांनी पहिल्याच बैठकीत सर्वांसमोर सांगावे. उदाहरणेही संपलेल्या कामांतील घ्यावीत, कारण चालू प्रकल्पाचा विषय निघताच प्रत्येक जण आपापल्या विभागाचा बचाव करू लागतो.

न्यायसूत्रांनी, म्हणजे तर्क आणि वादपद्धतीवरील प्राचीन भारतीय ग्रंथाने, सत्यनिर्णयासाठी चालणारा वाद, जिंकण्यासाठी केलेला जल्प आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ खंडन करणारी वितंडा असे तीन प्रकार सांगितले आहेत. चर्चा जल्पाकडे झुकली की मी बोलणाऱ्याला थांबवून आधी पूर्वपक्ष मांडायला सांगतो, म्हणजे समोरच्याचे म्हणणे त्यालाही मान्य होईल अशा शब्दांत. यात वेळ जातो, पण तो द्यावाच. अनेक मतभेद या पायरीवरच निवळतात आणि जे उरतात ते खरोखर विचार करण्याजोगे असतात.

पहिल्या वाचनासाठी प्लेटोचा 'क्रायटो' हा संवाद मी सुचवेन. तो छोटा आहे, त्यासाठी पूर्वतयारी लागत नाही आणि तुरुंगातून पळून जाण्यास सॉक्रेटिस नकार देतो तेव्हा उभा राहणारा प्रश्न नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला भिडतो : निर्णय अन्यायाचा वाटत असतानाही तो पाळण्यास आपण कशामुळे बांधील ठरतो? हा प्रश्न बैठकीच्या आठवडाभर आधी सर्वांना कळवावा.