जवळचं फूल धूसर, मागचं कुंपण स्पष्ट? फोकस मोड बदला

खिशातल्या डिजिटल कॅमेऱ्याने संत्र्याच्या फुलाचा फोटो काढला की बऱ्याचदा फूल धूसर आणि मागचं कुंपण स्पष्ट येतं. नेहमीचा ऑटोफोकस साधारण अर्ध्या मीटरच्या आतलं पकडत नाही.

१. जवळच्या वस्तूसाठी फुलाचं चिन्ह (मॅक्रो) निवडा. झूम पूर्ण मागे घ्या. झूम वाढवला की कॅमेऱ्याला जास्त अंतर लागतं. फ्लॅश बंदच ठेवा, नाहीतर लेन्सची सावली पडते.

२. बटण अर्धं दाबा. स्क्रीनवरची चौकट हिरवी झाली की श्वास रोखून पूर्ण दाबा. लाल झाली किंवा लुकलुकली तर दोन-तीन सेंटिमीटर मागे सरका. वाऱ्यात फूल हलत असेल तर थांबा, घाई उपयोगाची नाही.

३. नागपूरच्या फुटाळा तलावाचा पलीकडचा काठ किंवा गाडीच्या काचेतून दिसणारी सेमिनरी हिल्सची टेकडी, म्हणजे लांबचं काही टिपायचं तर डोंगराचं चिन्ह. यात काचेवरच्या धुळीवर फोकस अडकत नाही. दिवाळीच्या आतषबाजीलाही हाच मोड.

काम झालं की मोड परत साध्यावर आणा. काही कॅमेरे बंद करूनही तोच लक्षात ठेवतात. मग डोंगराच्या मोडवर घरातले चेहरे धूसर येतात, आणि छोट्या स्क्रीनवर ते कळतही नाही.